‘उल्लेखनीय नाही’ असं लिहिण्याआधी थोडं थांबा

मराठी विकिपीडियाचे प्रचालक, आणि रात्री जेवणं उरकली की ‘अलीकडील बदल’ (ताज्या संपादनांची यादी) उघडून बसणारे सगळे संपादक मित्रमैत्रिणींनो,

नमस्कार. मी तुमच्यातलाच एक. गेली आठ-नऊ वर्षं जमेल तसा वेळ काढून इथं लिहितोय, गस्त घालतोय, कुणी एखाद्या किल्ल्याच्या पानावर मधेच स्वतःचा मोबाईल नंबर टाकला की तो काढतोय. पान वगळावं असं सुचवणारी पाटी, म्हणजे पानकाढा साचा, तोही भरपूर लावलाय. त्यातल्या एका साच्याबद्दल आज बोलायचंय, कारण तो लावणारा मीच होतो आणि तो चुकीचा होता.

डिसेंबर महिना, रात्रीचे साडेअकरा वगैरे झाले असतील. एका नव्या सदस्याचं नवं पान दिसलं, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम केलेल्या एका जुन्या नटीबद्दल. (त्यांचं नाव इथं मुद्दाम देत नाही, त्या हयात आहेत आणि त्यांना या चर्चेत ओढायचं नाही.) लेख म्हणजे सहा ओळी. शुद्धलेखनाच्या चुका, ‘आपल्या अभिनयाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवले’ छापाचं एक वाक्य, आणि संदर्भ एकही नाही. मी गूगलवर नाव टाकलं तर एक यूट्यूबचा व्हिडिओ, दोन फेसबुक पोस्टी आणि एका नाटकाचं पोस्टर, बस एवढंच. साचा लावला, कारण लिहिलं ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’, म्हणजे स्वतंत्र लेख व्हावा असा हा विषय दिसत नाही, आणि पुढच्या बदलाकडे वळलो. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील नसतील. त्या सदस्याच्या चर्चापानावर (त्याच्याशी बोलायच्या पानावर) एक ओळसुद्धा लिहिली नाही. काही दिवसांनी पान गेलं. ज्या प्रचालकांनी, म्हणजे पानं काढायचे हक्क असलेल्यांनी, काढलं त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांनी माझ्यासारख्या जुन्या संपादकाच्या शब्दावर भरवसा ठेवला.

माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं. म्हणजे खरं तर हे मला कळायला हवं होतं. दिवाळी झाली, धान घरात आलं की त्या चार जिल्ह्यांत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, आणि रात्री नाटक. वडशाला म्हणजे देसाईगंजला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत, गावचे लोक तिथं जाऊन नाटक बुक करतात, तारीख घेतात, आणि रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक उजाडायला आलं की संपतं. हे काही चार हौशी लोकांचं काम नाही, मोठा व्यवसाय आहे, त्यावर कलाकार, ऑर्गनवाले, तबलजी, मंडपवाले, पोस्टर छापणारे अशा कितीतरी जणांची वर्षाची भाकर अवलंबून असते.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, मामेभावाच्या गावी गेलो आणि रात्री सगळ्यांसोबत नाटकाला बसलो. शेतात शामियाना, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, पोरं ब्लँकेटात गुंडाळून आईच्या मांडीवर झोपलेली, बाजूला ऑर्गन आणि तबला. मध्यंतराच्या आधी एका म्हाताऱ्या नटीला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिलं. माईकवर नाव घेतलं आणि मला घाम फुटला, कारण तेच नाव मी महिन्याभरापूर्वी चार मिनिटांत उडवलं होतं. शामियान्यातली माणसं उठून उभी राहिली. शेजारी बसलेली माझी मामी म्हणाली, “इचं नाटक म्या लगन झालं त्या सालचं पाह्यलं होतं.” मामीच्या लग्नाला त्या वर्षी अडतीस वर्षं झाली होती.

आता लगेच कुणी म्हणेल, लोक उठून उभे राहिले म्हणजे उल्लेखनीयता झाली का? नाही झाली. हे मी ठामपणे म्हणतो, कारण हे पत्र नियम ढिले करा असं सांगायला लिहिलेलं नाही. नियम चांगला आहे. ज्या विषयाबद्दल त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या भरवशाच्या लोकांनी, बऱ्यापैकी सविस्तर लिहून ठेवलंय, त्याच विषयावर आपण लेख लिहू शकतो, कारण आपण स्वतः काही शोधून काढत नाही, आधी छापलेलं गोळा करून नीट मांडतो. छापलेलंच नसेल तर मांडणार काय? टाळ्यांवरून जन्मसालसुद्धा लिहिता येत नाही.

पण त्या नियमात ‘गूगलवर सापडलं पाहिजे’ असं कुठंही नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर सरळ म्हटलंय की उल्लेखनीयता ठरते ती संदर्भ जगात आहेत का यावर, ते आत्ता लेखात टाकलेत का यावर नाही, आणि वगळायला सुचवण्याआधी आपण स्वतः शोध घ्यायचा असतो. ऑफलाइन संदर्भही तिथं चालतो, लेखक, पुस्तक, पान क्रमांक असं नीट दिलं की झालं. आपण मराठीत तो नियम उचलला आणि ‘शोध घ्या’ याचा अर्थ ‘गूगल करा’ असा करून टाकला. इंग्रजीत ते एक वेळ खपतं, तिथले पेपर, जर्नलं, पुस्तकं बरीचशी नेटवर आहेत. मराठीत काय आहे नेटवर? गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मोठ्या पेपरांच्या बातम्या, त्यातल्याही अर्ध्या लिंका तुटलेल्या. त्याआधीचं सगळं कागदावर, जिल्ह्याच्या दैनिकांच्या फायली, दिवाळी अंक, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, कॉलेजांच्या चर्चासत्रांची पुस्तकं. मराठीतलं सगळ्यात भरवशाचं लिखाण जिथं आहे तिथं सर्च इंजिन पोचतच नाही, आणि आपण सर्च इंजिनला विचारून ठरवतो की अमुक बाई महत्त्वाची होती की नाही.

मी काय केलं ते सांगतो. त्या नाटकानंतर दोन दिवस सुट्टी वाढवली आणि तिकडच्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल मॅडम भल्या होत्या, बाहेरचा माणूस म्हणून नाही म्हणाल्या नाहीत, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि खालच्या मजल्यावरचं एक लोखंडी कपाट उघडून दिलं. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, वर्षाची चिठ्ठी वर खोचलेली, काहींना कसर लागलेली, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. पहिल्या दिवशी काही नाही मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका दिवाळी अंकात त्यांची सात पानी मुलाखत सापडली. मुलाखत म्हणजे त्यांचंच बोलणं, त्यावर एकट्यावर लेख उभा राहत नाही हे मला माहीत आहे, पण तिच्या आधी संपादकानं दीड पान स्वतः लिहिलं होतं, साल, नाटकांची नावं, पुरुष बायकांची कामं करायचे त्या काळात या स्टेजवर कशा आल्या, सगळं. मग झाडीपट्टी रंगभूमीवरच्या एका चर्चासत्राच्या पुस्तकात त्यांच्या कामावर एक अख्खं प्रकरण. आणि जिल्ह्याच्या दैनिकात एका नाटकाचं परीक्षण, त्यात टीकासुद्धा, दुसऱ्या अंकात त्यांचा आवाज चढा लागला म्हणून. ते परीक्षण वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण टीका करणारा माणूस आपल्या कामासाठी सोन्यासारखा, तो कुणाच्या घरचा नसतो.

तीन संदर्भ. दीड दिवस. माझ्या चार मिनिटांनी जे ‘नाही’ म्हटलं ते दीड दिवसानं ‘आहे’ निघालं.

दीड दिवस प्रत्येक पानासाठी कुणी द्यायचा, हा प्रश्न मला कळतो. आपण थोडे लोक आहोत, रोज जाहिराती येतात, कॉपीपेस्ट येतं, शाळेतली पोरं एकमेकांची नावं टाकून पानं बनवतात. ते लगेच काढलंच पाहिजे, त्यासाठी कुणी लायब्ररीत जायची गरज नाही. मी बोलतोय ते मधल्या पानांबद्दल. जिथं विषय खरा दिसतोय, लिहिणाऱ्याला लिहिता येत नाहीये, आणि विषय अशा जागेचा किंवा अशा माणसांचा आहे जिकडे पुण्या-मुंबईचा समीक्षक फिरकत नाही.

कारण छापून येणं हेसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही ना. ताराबाई शिंद्यांचंच बघा. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकी जवळजवळ सगळ्यांनी झोडपलं किंवा गप्प बसले. ताराबाईंनी पुन्हा काही छापल्याचं दिसत नाही. मग १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं आणि आज ताराबाईंशिवाय भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा इतिहास कुणी सुरूच करत नाही. मधली ९३ वर्षं पुस्तक तेच होतं, एक अक्षर बदललं नव्हतं. त्या ९३ वर्षांत आपण असतो तर आपल्या नियमानं काय केलं असतं? साचा लावला असता. पण पुस्तक कुठल्यातरी कपाटात होतं, आणि कुणीतरी ते कपाट उघडलं.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतो. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड, लेझरवाल्या. १९८५ साली त्यांनी आणि जेरार मुरू यांनी लेझरचा स्पंद ताणून, वाढवून, परत दाबायची युक्ती शोधली. २०१३ साली त्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या लेखाचा मसुदा परत पाठवला गेला, दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही म्हणून. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ५५ वर्षांनी एका बाईला ते मिळत होतं, आणि त्या दिवशी लोकांनी विकिपीडिया उघडला तर पानच नाही. तेव्हा सगळे त्या मसुदा तपासणाऱ्यावर तुटून पडले. मला ते अन्यायाचं वाटतं, त्यानं नियमानं केलं, मसुद्यात स्वतंत्र संदर्भ पुरेसे नव्हते. पण एवढ्या मोठ्या संस्थेची अध्यक्ष झालेली बाई आहे म्हटल्यावर ‘थांब, हिच्याबद्दल कुठंतरी लिहिलेलं असणारच, शोधू या’ असं म्हणायला कुणी नव्हतं, आणि नेमकं तेच माणूस आपल्याकडे असावं असं मला वाटतं.

आपल्याकडे हे दरवर्षी २५ जानेवारीला होतं. पद्म पुरस्कारांची यादी येते आणि आपण धावतपळत पानं बनवतो. २०२३ ला झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका असं तेव्हा छापून आलं. हे प्रयोग काही त्या संध्याकाळी झाले नव्हते. २०२१ च्या यादीत पिंगुळीचे परशुराम गंगावणे, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यावाले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं सांभाळणाऱ्या, २०१८ ला बीबीसीच्या शंभर बायकांच्या यादीत आल्या तेव्हा महाराष्ट्राला माहीत झाल्या. पुरस्कार हा भक्कम पुरावा आहे, मान्य. पण आपण फक्त दिल्लीनं सांगितल्यावरच ओळखायचं, मग गावातल्या माणसांनी आपला ज्ञानकोश का उघडावा?

आता उलटी बाजू, आणि इथं मला आपल्या सगळ्यांचाच राग येतो. ज्या विषयाला आपण सहज पास करतो तो बघा. एखादा ‘युवा उद्योजक’, ‘सामाजिक कार्यकर्ते’. पानाखाली आठ संदर्भ, सगळे ऑनलाइन, सगळे उघडतात. उघडून वाचले की कळतं, त्यातले पाच एकाच दिवशीचे आहेत, शब्दन्‌शब्द सारखे, त्याच फोटोसकट. ती वाढदिवसाची पुरवणी असते. ज्यानं कुणी गावाकडच्या पेपरचं ऑफिस पाहिलंय त्याला माहीत आहे हे कसं चालतं, साहेबांचा वाढदिवस आला की अर्ध्या पानाची जाहिरात आणि जाहिरातीसोबत वरच्या बाजूला लेख, लेखावर कुणाचं नाव नाही. ते स्वतंत्र नाही, भरवशाचंही नाही, पण ते नेटवर आहे आणि आकड्यात आठ आहे, म्हणून पान टिकतं. आणि दिवाळी अंकातल्या दीड पानाला लिंक नाही म्हणून बाईंचं पान जातं. पैसे देऊन छापून आणलेले आठ आपण मोजतो आणि कुणीतरी मनापासून लिहिलेलं एक मोजत नाही.

गावांच्या पानांबद्दलही बोलतो. महाराष्ट्रात ४३ हजारांवर गावं आहेत, आणि गाव म्हटलं की ते आपोआप उल्लेखनीय, जनगणनेत नाव असलं की झालं. मला मान्य आहे, माझ्याही आजोळच्या गावाचं पान आहे. पण त्यात आहे काय? जिल्हा, तालुका, आणि शेजारच्या गावाच्या पानावरून जसाच्या तसा उचललेला हवामानाचा मजकूर. सेबुआनो भाषेचा विकिपीडिया बघा, फिलिपिन्समधली भाषा, तिथं एका स्वीडिश माणसाच्या बॉटनं (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामनं) लाखोंनी पानं तयार केली, लेखसंख्येत तो विकिपीडिया जगात अगदी वर गेला, आणि वाचणाऱ्याच्या हातात काय आलं? आकडा वाढवायच्या नादात आपणही थोडं तेच केलंय. गावाचं रिकामं पान आपण ठेवतो आणि त्या गावानं पन्नास वर्षं ज्यांची नाटकं पाहिली त्यांचं पान काढतो. निदान गावाच्या पानावर तरी त्यांच्यासाठी दोन ओळींची जागा करा की.

आणि खरं सांगायचं तर प्रत्येक गोष्टीला वेगळं पान लागतही नाही. वडशाच्या प्रत्येक नाटक मंडळीचं पान हवं असं माझं म्हणणं मुळीच नाही, बहुतेकांबद्दल दोन-चार ओळींपलीकडे छापलेलं सापडणार नाही. त्यांच्यासाठी झाडीपट्टी रंगभूमीचं एकच पान घसघशीत करावं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आणि तिथल्या लोककलांवर आयुष्य घालून लिहिलंय, विद्यापीठांतले प्रबंध आहेत, त्यातले काही शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) फुकट वाचता येतात. तेवढ्यावर एक उत्तम लेख सहज उभा राहतो. वगळायचं की ठेवायचं एवढे दोनच रस्ते आपण धरून बसतो, पण ‘दुसऱ्या पानात सामावून घ्या’ हा तिसरा रस्ता आहे आणि तो आपण फार कमी वापरतो.

तोंडी माहितीचं काय, असंही विचारलं जातं. २०११ साली अचल प्रभला यांनी एक प्रयोग केला होता, मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत, लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि त्या संदर्भ म्हणून वापरायच्या, गावातले खेळ, चालीरीती, जे कुठं छापलेलंच नाही अशा गोष्टींसाठी. कल्पना मला मनापासून आवडते, पण विषय पात्र आहे का हे ठरवायला मी ती वापरणार नाही. मामीचं बोलणं मी रेकॉर्ड केलं तरी ते खरं-खोटं करणारं मधे कुणी नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो होऊन दाखवलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या, लिहून काढल्या, बायकांची नावं-गावं नोंदवली, आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) वेबसाइटवर ऐकायला मिळतात. आधी कुणीतरी असं नीट छापायचं, मग आपण त्याचा आधार घ्यायचा.

माझ्या मागण्या फार नाहीत. उल्लेखनीयतेच्या कारणानं साचा लावणाऱ्यानं चर्चापानावर एवढं तरी लिहावं की कुठं कुठं शोधलं, ‘फक्त गूगल’ असेल तर तसं लिहावं, लाज वाटायचं काही कारण नाही, पुढच्याला कळतं की कपाट अजून उघडलेलं नाही. मराठी लोककला, जुने लेखक, चळवळीतली माणसं, स्थानिक इतिहास अशा विषयांना एक महिना तरी द्यावा, आठवड्यात कुणालाही लायब्ररीत जायला जमत नाही, नोकऱ्या आहेत. महिन्यात काही नाही मिळालं तर पान उडवण्यापेक्षा ते लिहिणाऱ्याच्या धूळपाटीवर (त्याच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) हलवावं, म्हणजे त्याची मेहनत जात नाही आणि लेखांच्या यादीत कच्चा माल राहत नाही. आणि कुठल्या गावात, कुठल्या लायब्ररीत, कुठल्या अंकांच्या फायली आहेत याचं एक पान आपण सगळ्यांनी मिळून करावं. नागपुरातलं मी बघतो. सातारा, नांदेड, रत्नागिरी, पणजी, बडोदा, इंदूर, जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथल्यांनी आपापलं बघावं. जे अंक कॉपीराइटमधून मोकळे झालेत ते स्कॅन करून विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड ग्रंथसंग्रहावर, चढवता येतील.

नव्या सदस्यांशी बोला, हे तर मी हात जोडून सांगतो. सहा ओळी वाईट लिहिणारा माणूस हा सातवी ओळ शिकवण्यासारखा माणूस असतो. ज्यानं ते पान बनवलं होतं त्याच्या योगदानात तेवढं एकच पान आहे, त्यानंतर काही नाही. त्याच्या चर्चापानावर मी माफी मागितलीय, तिन्ही संदर्भ पान क्रमांकांसकट दिलेत, आणि नवा लेख आपण दोघांनी मिळून करू म्हणून लिहिलंय. अजून उत्तर नाही. लेख मी सुरू केलाय, पण त्याचं जुनं पान परत आणून त्याच्यावरच पुढं लिहिता आलं तर मला जास्त आवडेल, म्हणजे इतिहासात पहिलं नाव त्याचं राहील. प्रचालकांनी तेवढं करावं ही विनंती आहे.

मी मार्चमध्ये परत तिकडे जातोय. त्या लोखंडी कपाटात अजून अकरा गठ्ठे बघायचे राहिलेत, मॅडमनी शनिवारी लायब्ररी उघडी ठेवायचं कबूल केलंय. तुमच्यापैकी कुणी चंद्रपूर-भंडाऱ्याकडचं असेल तर चर्चापानावर कळवा, दोघं असलो तर एका दिवसात होतील.

तुमचाच,
नागपूरचा एक संपादक